ना फौज, ना बंदूक : माणसांसाठी उभा राहिलेला औंधचा राजपुत्र

गेल्या डिसेंबरात आई-बाबा आणि आजी माझ्याकडे म्हैसूरला आले होते. राजवाडा पाहून झाला, चामुंडी टेकडी झाली, प्राणिसंग्रहालयही झालं. आता चौथ्या दिवशी यांना काय दाखवायचं, या विचारात मी होते. शेवटी सकाळी लवकर गाडी काढली आणि मडिकेरीच्या रस्त्याने बैलकुप्प्याला गेलो. म्हैसूरपासून साधारण ८० किलोमीटर. हुणसूर आणि पिरियापट्टण मागे पडलं की रस्त्याच्या कडेला रंगीबेरंगी पताका दिसू लागतात, आणि बघता बघता आपण कर्नाटकात आहोत की हिमालयात, असा प्रश्न पडतो. लाल वस्त्रं घातलेले छोटे छोटे भिक्षू, मक्याची शेतं, मोमोंची दुकानं आणि सुवर्णमंदिरातल्या त्या तीन भव्य सोनेरी मूर्ती.

आजी सगळं शांतपणे बघत होती. मंदिराबाहेर स्वेटर आणि शाली विकणारी एक वयस्कर बाई दिसली, तशी ती एकदम म्हणाली, "अगं, हे तर आपले स्वेटरवाले!"

खरंच की! दिवाळी संपली, थंडी पडायला लागली की आपल्या गावोगावी मैदानात किंवा बस स्टँडजवळ तिबेटी लोकांचे स्टॉल लागतात. सांगली असो, सोलापूर असो की नाशिक. आमच्या घरातल्या प्रत्येकाचा पहिला स्वेटर तिथलाच आहे.

परतताना आजीनं विचारलं, "इतक्या लांब हे लोक आले कसे गं? आणि यांना जागा कुणी दिली?"

मी मला येत होतं ते सांगितलं. १९५९ साल, चीन, दलाई लामा. आजीचं समाधान झालं नाही. "दलाई लामा आले ते ऐकलंय मी. पण दार कुणीतरी उघडलं असंल की. आपोआप उघडतंय होय?"

त्या रात्री मी वाचायला बसले आणि एक नाव सापडलं. गंमत म्हणजे ते नाव आजीच्याच गावाकडचं निघालं. अप्पासाहेब पंत. औंध संस्थानच्या राजाचे चिरंजीव. माझ्या आजीचं माहेर आटपाडी, आणि आटपाडी हे तेव्हाच्या औंध संस्थानातलं गाव!

अप्पासाहेब राजनैतिक अधिकारी होते. म्हणजे परदेशात आपल्या देशाच्या वतीने बोलणारा माणूस. अशा माणसाकडे ना फौज असते, ना बंदूक. मग आजूबाजूला माणसांवर अत्याचार होत असतील, लोक जीव मुठीत धरून पळत असतील, तेव्हा तो काय करू शकतो? अप्पासाहेबांच्या आयुष्यात हा प्रश्न दोन वेळा आला. एकदा आफ्रिकेत आणि एकदा तिबेटच्या सीमेवर.

राजानं राज्य सोडलं ती गोष्ट

आधी औंधची थोडी ओळख करून घेऊ. सातारा, सांगली, सोलापूरच्या बाजूला विखुरलेलं अवघ्या ७२ गावांचं हे संस्थान. राजे भवानराव श्रीनिवासराव पंतप्रतिनिधी म्हणजे सूर्यनमस्काराचे मोठे प्रचारक. स्वतः चित्रकार. औंधचं प्रसिद्ध भवानी संग्रहालय त्यांनीच उभं केलं. संस्थानातल्या शाळांत मुलांना रोज सूर्यनमस्कार घालावे लागत. "माझे वडील म्हातारपणीसुद्धा घालायचे," आजी सांगते.

अप्पासाहेबांचा जन्म १९१२ सालचा. ऑक्सफर्डला शिकले, बॅरिस्टर झाले आणि परत आले. तेव्हा देशात स्वातंत्र्याची चळवळ होती आणि बहुतेक संस्थानिक आपापली गादी सांभाळत होते. औंधमध्ये मात्र वेगळंच घडलं. गांधीजींचा सल्ला घेऊन १९३९ मध्ये राजाने आपले अधिकार लोकांना देऊन टाकले. गावच्या पंचायतींच्या हाती कारभार आला. या कामात अप्पासाहेब पुढे होते. पुढे १९४४ पासून ते संस्थानचे पंतप्रधान झाले.

त्यांच्या सोबतीला एक विलक्षण माणूस होता, मॉरिस फ्रीडमन. पोलंडमधल्या वॉर्सा शहरात जन्मलेला ज्यू इंजिनिअर. तो भारतात आला तो म्हैसूर संस्थानच्या नोकरीत, बंगळूरच्या सरकारी विद्युत कारखान्यात. तिथून तो औंधला पोहोचला आणि गांधीजींच्या वर्तुळात 'भारतानंद' झाला. आटपाडीजवळ कैद्यांची खुली वसाहत उभी राहिली ती त्याच्या पुढाकाराने. तिचं नाव स्वतंत्रपूर. व्ही. शांताराम यांचा 'दो आँखें बारह हाथ' हा १९५७ चा सिनेमा तुम्ही पाहिला असेल, निदान नाव तरी ऐकलं असेल. त्याची प्रेरणा हेच स्वतंत्रपूर. कथा लिहिणारे ग. दि. माडगूळकरही याच मुलखातले.

फ्रीडमनचं नाव लक्षात ठेवा. तो आपल्याला पुन्हा भेटणार आहे.

नैरोबी : पाहुण्यानं कुणाची बाजू घ्यायची?

१९४८ मध्ये औंध संस्थान विलीन झालं. त्याच वर्षी पंडित नेहरूंनी अप्पासाहेबांना भारताचे कमिशनर म्हणून पूर्व आफ्रिकेत पाठवलं. मुक्काम नैरोबी. वय ३५-३६.

तेव्हा केनियावर इंग्रजांचं राज्य होतं. आफ्रिकी लोक ५० लाखांहून जास्त, भारतीय वंशाचे १ लाखाच्या आसपास आणि गोरे जेमतेम ३० हजार. पण चांगली सुपीक जमीन गोऱ्यांकडे. भारतीय मधल्या पायरीवर : दुकानदार, कारकून, रेल्वेतले कामगार, वकील. आणि ज्यांचा देश, ते आफ्रिकी लोक सगळ्यात खाली.

जानेवारी १९४९ मध्ये दक्षिण आफ्रिकेत दर्बानला आफ्रिकी आणि भारतीय यांच्यात भयानक दंगल झाली. १४२ माणसं मेली. एका जमातीला दुसरीच्या डोक्यावर बसवून ठेवलं की काय होतं, हे सगळ्यांना दिसलं होतं.

नेहरूंचं धोरण स्पष्ट होतं : आफ्रिकेतल्या भारतीयांनी तिथल्या मूळ लोकांच्या हिताआड येता कामा नये. अप्पासाहेबांनी हेच भारतीय वस्त्यांमध्ये जाऊन सांगितलं. सगळ्यांना ते रुचलं नाही. दुसऱ्या देशातून आलेला सरकारी पाहुणा आपल्याला शहाणपण शिकवतो, असंही काहींना वाटलं असणार. पण त्यांनी नुसता उपदेश केला नाही. आफ्रिकी विद्यार्थ्यांना भारतातल्या विद्यापीठांत शिकायला शिष्यवृत्त्या मिळाव्यात म्हणून प्रयत्न केले. जोमो केन्याटा, कोइनांगे कुटुंब अशा आफ्रिकी नेत्यांशी मैत्री केली. काळा-गोरा भेद पाळणाऱ्या त्या शहरात त्यांच्या घराचं दार आफ्रिकी लोकांसाठी उघडं होतं.

२० ऑक्टोबर १९५२ ला केनियात आणीबाणी जाहीर झाली. 'माउ माउ' नावाचं बंड सुरू झालं होतं. त्यात प्रामुख्याने किकुयू जमातीचे लोक होते. बंडखोरांनीही निर्दयपणे माणसं मारली, आणि त्यात गोऱ्यांपेक्षा त्यांच्याच आफ्रिकी बांधवांची संख्या कितीतरी मोठी होती. उत्तरादाखल सरकारने जे केलं ते सबंध जमातीला भोगावं लागलं. छावण्या, मारहाण, फाशी. आणीबाणीच्या काळात १ हजाराहून जास्त लोक फासावर गेले. पुढे १० लाखांहून जास्त किकुयूंना त्यांच्या घरांतून उठवून तारांच्या कुंपणातल्या गावांत कोंबण्यात आलं. नुसतं किकुयू असणं हाच जणू गुन्हा झाला.

अशा वेळी एका परक्या देशाच्या कमिशनरने काय करायचं? नियम सांगतो, गप्प बसायचं. यजमान देशाच्या कारभारात नाक खुपसायचं नाही.

अप्पासाहेब गप्प बसले नाहीत. तिथे चाललेल्या दडपशाहीची माहिती ते दिल्लीला कळवत राहिले. नेहरूंनी त्यावर जाहीर टीका केली. केन्याटांवर कापेंगुरिया या दूरच्या गावात खटला चालला, तेव्हा बचावाच्या मदतीला भारतातून दिवाण चमनलाल गेले. केनियातले भारतीय वकीलही उभे राहिले. त्यात फिट्झ डिसूझा हे मूळचे गोव्याचे तरुण वकील होते. केन्याटांना तरीही ७ वर्षांची सक्तमजुरी झाली.

ब्रिटिश अधिकारी आणि गोरे जमीनदार अप्पासाहेबांवर भडकले. हा माणूस आमच्या लोकांना फूस लावतो, याला परत न्या, असा दबाव दिल्लीवर वाढत गेला. १९५४ मध्ये त्यांना नैरोबी सोडावी लागली. त्याच वर्षी भारत सरकारने त्यांना पद्मश्री दिली.

मग त्यांना यश आलं का? छावण्या बंद झाल्या नाहीत. फाशी थांबली नाही. पण केनियातल्या लोकांना एवढं कळलं की आपलं दुःख बाहेर कुणीतरी बघतंय, लिहून ठेवतंय. अशा नोंदींना किंमत असते, फक्त वेळ लागतो. २०१३ मध्ये, म्हणजे ६० वर्षांनी, ब्रिटिश सरकारने छळ झाल्याचं मान्य करून खेद व्यक्त केला आणि ५,२२८ वृद्ध केनियन लोकांसाठी सुमारे २ कोटी पौंडांची तडजोड मान्य केली.

गंगटोकची खिडकी

१९५५ मध्ये अप्पासाहेबांची नेमणूक गंगटोकला झाली. हुद्दा 'पोलिटिकल ऑफिसर'. नाव साधं, काम फार मोठं. सिक्कीम तेव्हा भारताच्या संरक्षणाखालचं वेगळं राज्य होतं. सिक्कीम आणि भूतान यांच्याशी असलेले भारताचे संबंध त्यांनी सांभाळायचे. शिवाय तिबेटमधली भारताची कार्यालयंही त्यांच्याच देखरेखीखाली : ल्हासाची वकिलात, ग्यान्त्से आणि यातुंगच्या व्यापारी कचेऱ्या. तिबेटमध्ये काय चाललंय हे दिल्लीला कळायचं ते मुख्यतः या गंगटोकच्या खिडकीतून.

खिडकीतून दिसणारं चित्र चांगलं नव्हतं. चिनी सैन्य १९५० मध्येच तिबेटमध्ये शिरलं होतं. १९५४ मध्ये भारत आणि चीन यांचा पंचशील करार झाला आणि भारताने तिबेट हा चीनचा प्रदेश असल्याचं मान्य केलं. यातुंग आणि ग्यान्त्सेला असलेली भारतीय सैनिकांची छोटी तुकडीही परत आली. १९५६ पासून पूर्व तिबेटच्या खाम भागात उठाव सुरू झाला. मठांवर बॉम्ब पडले. घरंदारं सोडून लोक ल्हासाकडे येऊ लागले.

त्याच वर्षी बुद्धजयंतीच्या २,५०० व्या वर्षाच्या सोहळ्यासाठी दलाई लामा भारतात आले. वाट सिक्कीममधून, नथू ला खिंडीतली. वय अवघं २१. इथेच राहावं का, असा विचार त्यांच्या मनात होता. चीनचे पंतप्रधान चाऊ एन-लायही त्याच सुमारास दिल्लीत होते. शेवटी नेहरूंनी परत जाण्याचा सल्ला दिला आणि दलाई लामा १९५७ मध्ये पुन्हा नथू लामार्गे ल्हासाला गेले. जाण्याआधी फेब्रुवारीत त्यांनी गंगटोकला एका संस्थेची पायाभरणी केली. तिबेटी ग्रंथ, मूर्ती, थंका जपणारी नामग्याल इन्स्टिट्यूट ऑफ तिबेटॉलॉजी. ती उभी राहावी यासाठी सिक्कीमच्या राजघराण्याबरोबर अप्पासाहेबांनीही मनापासून प्रयत्न केले. पुढे तिबेटमधले कितीतरी मठ आणि त्यातले ग्रंथ नष्ट झाले, तेव्हा अशा संस्थेचं मोल कळलं.

१९५७ मध्येच अप्पासाहेब स्वतः तिबेटच्या दौऱ्यावर गेले, ल्हासापर्यंत. डोळ्यांनी बघितलेलं त्यांनी सविस्तर अहवालात लिहिलं. पुढच्या वर्षी नेहरू आणि इंदिरा गांधी भूतानला गेले तेव्हा रस्ता नव्हता. गंगटोकहून नथू ला ओलांडून, तिबेटच्या चुंबी खोऱ्यातून, याक आणि तट्टूंच्या पाठीवरून प्रवास. बरोबर अप्पासाहेब. नेहरूंना त्या साली ल्हासालाही जायचं होतं, पण चीनने ते होऊ दिलं नाही.

मार्च १९५९

१० मार्च १९५९. दलाई लामांना चिनी लष्करी छावणीत कार्यक्रमाला बोलावलं होतं. त्यांना पळवून नेणार अशी शंका पसरली आणि हजारो लोकांनी त्यांच्या नोर्बुलिंका राजवाड्याला वेढा घातला. चिन्यांपासून वाचवण्यासाठी! १२ तारखेला ल्हासातल्या बायका रस्त्यावर उतरल्या. त्यांनी भारतीय वकिलातीकडेही मदतीची हाक दिली.

वकिलातीत मूठभर माणसं. त्यांच्या हातात होतं ते एवढंच, की बघायचं आणि कळवायचं.

१७ मार्चच्या रात्री दलाई लामा सैनिकाच्या वेशात बाहेर पडले. २० तारखेला शहरावर तोफा धडाडल्या. ३१ मार्चला दलाई लामांनी तवांगच्या बाजूने भारताची सीमा ओलांडली. त्यांना आश्रय दिल्याचं नेहरूंनी ३ एप्रिलला संसदेत सांगितलं. दोन वर्षांपूर्वी 'परत जा' म्हणणाऱ्या भारताने या वेळी 'या' म्हटलं.

हा निर्णय एकट्या अप्पासाहेबांचा नव्हताच. पण दिल्ली एका दिवसात ठरवत नसते. आधीची चार वर्षं गंगटोकहून जात असलेले अहवाल, पत्रं, तिबेटी माणसांबद्दलची कळकळ, हे सगळं तिथल्या टेबलावर होतं. तिबेटचं काय होतंय हे आम्हाला माहीत नव्हतं, असं म्हणायची सोयच त्यांनी ठेवली नव्हती.

दलाई लामांच्या मागोमाग माणसांचे लोंढे आले. पुढच्या काळात सुमारे ८० हजार. आसाममधल्या मिसामारीला आणि बंगालमधल्या बक्सा इथे छावण्या उघडल्या. थंड डोंगरातून आलेली माणसं तिथल्या उकाड्याने आणि रोगांनी आजारी पडली. कित्येक दगावली. सिक्कीममध्येही हजारो आले. त्यांना रस्ते बांधण्याचं काम मिळालं. आईने खडी फोडायची आणि मूल बाजूला पाटीत झोपलेलं.

एका कागदाची किंमत

यात एक गोष्ट फारशी कुणाला माहीत नसते. ल्हासामध्ये पिढ्यान्‌पिढ्या राहणारे काश्मिरी आणि लडाखी वंशाचे मुसलमान व्यापारी होते. भाषा तिबेटी, वेश तिबेटी, धर्म इस्लाम. १९५९ नंतर चिन्यांचं म्हणणं, हे आमचे नागरिक, यांना कुठेही जाता येणार नाही. त्यांचं म्हणणं, आमचे पूर्वज काश्मीरचे, आम्ही भारतीय.

भारत सरकारने त्यांची बाजू घेतली. दोन्ही सरकारांमध्ये बराच पत्रव्यवहार झाला, निषेध नोंदवले गेले. शेवटी यातल्या अनेकांना भारतीय नागरिक मानून बाहेर पडू दिलं गेलं. ते आधी कालिंपाँग-दार्जिलिंगला आणि पुढे बहुतेक जण श्रीनगरला स्थायिक झाले. त्यांची वस्ती आजही तिथे आहे.

म्हणजे बघा, एक गोळी न झाडता, 'हा आमचा माणूस आहे' असं लिहिलेल्या कागदाने कुटुंबंच्या कुटुंबं वाचली. राजनैतिक अधिकाऱ्याचं हत्यार हेच. जगात इतरांनीही ते वापरलंय. दुसऱ्या महायुद्धात लिथुआनियात चिऊने सुगिहारा या जपानी अधिकाऱ्याने वरून नकार आलेला असतानाही ज्यू कुटुंबांना हजारो व्हिसा लिहून दिले. स्वीडनच्या राऊल वॉलेनबर्गने बुडापेस्टमध्ये संरक्षणपत्रं वाटली. आणि १९७१ मध्ये ढाक्यातले अमेरिकन कॉन्सुल जनरल आर्चर ब्लड यांनी पाकिस्तानी सैन्याच्या कत्तलीबद्दल आपल्याच सरकारच्या मौनावर टीका करणारी तार पाठवली. त्यांनाही तिथून हलवण्यात आलं. नैरोबीची आठवण येते ना?

म्हैसूरनं दिलेली जमीन

आता आजीच्या दुसऱ्या प्रश्नाकडे येऊ. जागा कुणी दिली?

रस्त्यावर खडी फोडून आयुष्य निघत नाही. तिबेटी लोकांना एकत्र राहता यावं, मुलांना आपली भाषा शिकवता यावी म्हणून जमीन हवी होती. नेहरूंनी राज्यांना पत्रं लिहिली. सगळ्यात मोठा प्रतिसाद दिला तो तेव्हाच्या म्हैसूर राज्याने. कर्नाटकचे ज्येष्ठ नेते एस. निजलिंगप्पा यांचं नाव दलाई लामा कायम कृतज्ञतेने घेत आले आहेत. बैलकुप्प्याला सुमारे ३ हजार एकर जमीन मिळाली आणि पहिली वसाहत उभी राहिली.

जमीन म्हणजे काय, जंगल! झाडं तोडायची, बांबूच्या झोपड्या उभारायच्या, आणि पेरलेलं उगवलं की हत्ती येऊन तुडवून जायचे. हिमालयात बार्ली पिकवणारे हात इथे मका पेरायला शिकले. हळूहळू शाळा झाल्या, सहकारी संस्था झाली, दवाखाना झाला. तिबेटमध्ये उद्ध्वस्त झालेला सेरा मठ इथे नव्याने उभा राहिला. निर्वासितांच्या पुनर्वसनाला मदत करण्यासाठी १९६८ मध्ये 'मायराडा' ही संस्था सुरू झाली. तीच पुढे दक्षिण भारतातल्या खेड्यांमधल्या बचत गटांच्या कामासाठी प्रसिद्ध झाली. म्हणजे निर्वासितांसाठी सुरू केलेल्या कामाचा फायदा पुढे आपल्याच गरीब बायकांना झाला.

आणि आठवतो ना फ्रीडमन? म्हैसूरच्या नोकरीतून औंधला गेलेला इंजिनिअर. तिबेटी निर्वासितांच्या पुनर्वसनासाठी त्यानेही पुष्कळ धडपड केली. त्याची पोलिश मैत्रीण वांडा डायनोव्स्का, जिला सगळे उमादेवी म्हणत, तिने उतारवयात तिबेटी मुलांसाठी काम केलं आणि १९७१ मध्ये म्हैसूरलाच देह ठेवला. फ्रीडमन शेवटची वर्षं मुंबईत होता. तिथे खेतवाडीतल्या निसर्गदत्त महाराजांची मराठी निरूपणं त्याने इंग्रजीत नेली आणि ती जगभर पोहोचली. औंधच्या ७२ गावांत जमलेली ही माणसं कुठे कुठे पोहोचली!

अशी वसाहत आपल्या महाराष्ट्रातही आहे बरं का. गोंदिया जिल्ह्यात, नवेगाव बांधजवळ गोठणगावला. नाव नोर्ग्येलिंग. १९७२ मध्ये वसलेली. विदर्भातल्या वाचकांनी कधी गेलात तर जरूर बघा.

मग त्यांना जमलं का?

अप्पासाहेब १९६१ मध्ये गंगटोकहून निघाले. पुढे इंडोनेशिया, नॉर्वे, इजिप्त, ब्रिटन, इटली अशा देशांत त्यांनी भारताचं प्रतिनिधित्व केलं. १९९२ मध्ये त्यांचं निधन झालं.

सरळ हिशेब मांडला तर तिबेट वाचला नाही. १९६२ मध्ये भारत-चीन युद्ध झालं आणि ल्हासाची आपली वकिलातही बंद झाली. केनियातल्या छावण्या ते असताना बंद झाल्या नाहीत. ज्यांच्यासाठी ते लिहीत होते त्यातले कितीतरी लोक मारले गेले. मला वाटतं, हे मान्य केलं नाही तर त्यांच्या कामाचीही नीट किंमत करता येणार नाही.

कारण त्यांच्या हातात जे होतं ते त्यांनी वापरलं. मैत्री करता येत होती, ती ज्याच्याकडे सत्ता नाही त्याच्याशी केली. लिहिता येत होतं, ते खरं लिहिलं. दिल्लीला आवडेल असंच लिहून पाठवणं फार सोपं होतं. संकट यायच्या आधी ओळख जपून ठेवली, म्हणून संकट आलं तेव्हा दार ठोठावणारा माणूस अनोळखी राहिला नाही. आणि आपल्याच लोकांना, नैरोबीतल्या भारतीयांना, जे ऐकायला आवडणार नव्हतं तेही सांगितलं.

हे सगळं त्यांच्यात कुठून आलं असेल? मला तरी त्याचं मूळ औंधमध्ये दिसतं. ज्या घराने स्वतःची सत्ता आपणहून सोडून दिली, त्या घरातल्या मुलाला दुसऱ्याची सत्ता किती खुपत असेल!

आपण कुणी राजदूत नाही. पण आपल्या सोसायटीत, शाळेत, ऑफिसात एखाद्याला 'तो त्यांच्यातला' म्हणून बाजूला काढलं जातं तेव्हा आपल्याही हातात तेवढंच असतं. ओळख ठेवणं, खरं बोलणं आणि वेळ आली की दार उघडणं.

हे सगळं मी आजीला फोनवर सांगितलं. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "आमच्या आटपाडीकडचं निघालं म्हणायचं."

यंदा थंडी सुरू झाल्यावर तिचाच फोन आला. गावात स्वेटरवाले आलेत. ती मुद्दाम रिक्षा करून गेली होती. "तुम्ही कुठले?" असं विचारलं तर दुकानातली मुलगी चक्क मराठीत म्हणाली, "आजी, आम्ही म्हैसूरकडचे. बैलकुप्पे."

"मी बघून आलेय तुमचं गाव," आजीनं सांगितलं, "तुमचा मका चांगला आलावता."

मुलीनं तिला बसायला खुर्ची दिली आणि चहा मागवला. या वेळी आजीनं स्वेटरच्या किमतीत अजिबात घासाघीस केली नाही. आमच्या घरात ही फार मोठी बातमी आहे.

तुमच्याही गावात आता ते आले असतील. स्वेटर घ्याल तेव्हा दोन मिनिटं थांबून विचारा, तुमचं गाव कुठलं?